अठरा फरश्या

"पाय माझे, मोजणार ही. आणि मोजता तरी कुठे येतंय तिला."

हे बाबा माझ्या कानाशी पुटपुटले. मुद्दाम नव्हे. मी त्यांची उजवी टाच तळहातावर धरून जमिनीवर बसले होते आणि ते खुर्चीत पुढे वाकले होते, त्यामुळे त्यांचं तोंड आणि माझा कान एका पातळीत आले, इतकंच. समोर फिजिओ स्टुलावर बसून मोजत होती. "सात... आठ... वा आजोबा, मस्त... आठ..."

"ऐकू येतं मला," ती म्हणाली.

"मग बरंय. आता नऊ म्हण. आठ दोनदा झाले."

ती आठवड्यातून तीनदा यायची. दोन मुलांची आई, पाठीवर ही मोठी बॅग, आणि बॅगेत रबरी पट्टे, चेंडू, कागदांचा गठ्ठा. बाबा तिच्या माघारी तिला 'एक-दोन' म्हणायचे. आज एक-दोन येणार आहे का? एक-दोनने केस कापलेत वाटतं. तिला हे नाव माहीत होतं. ती घरी नवऱ्याला बाबांबद्दल सांगताना 'मिस्त्री' म्हणायची, तेही तिनेच मला सांगितलं. म्हणजे फिट्टंफाट होती.

बाबा खरोखरच मिस्त्री. फरशी बसवणारे. बेचाळीस वर्षं माणूस गुडघ्यांवर चालला. लोकांनी ज्याच्यावर चपला घालून फिरायचं ते हे गुडघ्यांवर रांगत घालून द्यायचे. त्यामुळे गुडघे आधीच कामातून गेलेले, आणि चार महिन्यांपूर्वी पडले तेव्हा खुबाही मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा बाबा म्हणाले, "लेव्हलमध्ये बसवलीय की नाही?" डॉक्टरांना वाटलं पेशंट भ्रमात आहे.

मग घरी आले. आणि घरी मी होते.

मी एका लाँड्रीच्या काउंटरवर काम करते. आठ ते दोन. कपडे घ्यायचे, खिसे तपासायचे, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, डाग कुठे आहे ते गिऱ्हाइकाला आधीच दाखवून ठेवायचं, नाहीतर नंतर म्हणतात तुम्हीच पाडलात. आत वाफेची इस्त्री चालू असते, तिचा आवाज दिवसभर कानात असतो, फुस्स, फुस्स, कोणीतरी सारखं कंटाळत असल्यासारखा. नवऱ्याचं घर सोडून बाबांकडे आले त्याला एकोणीस वर्षं झाली, लाँड्रीलाही तितकीच. दोन्हीकडे मी रुळले. कुठे काही वाटत नाही असं झालं, की माणूस रुळला असं म्हणतात बहुतेक.

दादा दुसऱ्या शहरात असतो. लहानपणी बाबांनी त्याचं नाव 'ओळंबा' ठेवलं होतं. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून वरून सोडतात ना, तो. बाबा म्हणायचे, हा कायम वरून लोंबकळत बघणार, जमिनीला काही टेकणार नाही. फरशीच्या कामात मी खाली दोरीचं टोक धरून बसायचे, म्हणून मी 'खुंटी'. त्यात कौतुक होतं की नव्हतं ते मला अजून कळलेलं नाही.

तर ऑपरेशननंतर ओळंबा आला, डॉक्टरांशी बोलला आणि आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवलं. मी कामावर जाते त्या सहा तासांत घरी कोणी नसतं. मदतीला दोन बायका ठेवून बघितल्या. पहिली चार दिवस टिकली, दुसरी दोन. पहिलीला बाबा म्हणाले की तू फडका मारताना सांध्यात पाणी सोडतेस. दुसरीला काय म्हणाले ते तिने सांगितलंच नाही, नुसती गेली. तेव्हा डॉक्टरांनी एक सोपी परीक्षा सांगितली. बाबा वॉकर घेऊन, कोणी हात न लावता, पलंगापासून बाथरूमपर्यंत जाऊन परत येऊ शकले तर सहा तास एकटे राहू शकतील. नाही तर तिकडे. तोवर शेजारच्या बायका आळीपाळीने येऊन बसत होत्या.

'तिकडे' म्हणजे दादाच्या गावाजवळची ती जागा. स्वच्छ होती. बाग होती. दिवसभर नर्स असायची. दादाने फोटो पाठवले, त्यात एका ओळीत आठ पलंग आणि प्रत्येक पलंगावर निळी चादर. त्यांनी पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत एक पलंग राखून ठेवला होता. आम्ही त्या जागेचं नाव घेत नव्हतो. दादा फोनवर 'ते' म्हणायचा, मी 'तिकडे' म्हणायचे. आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही, उगाच खचतील, असंही ठरलं.

सुरुवातीचे दोन आठवडे बाबांनी पाय उचलला नाही.

"जन्मभर राबलेल्या माणसाला व्यायाम सांगतात," ते म्हणाले. "व्यायाम बसून खाणाऱ्यांनी करावा."

"आजोबा, आता तुम्ही बसूनच खाताय," फिजिओ म्हणाली.

बाबा हसले. पण पाय उचलला नाही. रबरी पट्टा गादीखाली लपवायचे. ती यायच्या वेळी झोपेचं सोंग घ्यायचे, आणि सोंग इतकं खरं करायचे की त्यातच झोप लागायची. तिने भिंतीवर एक तक्ता लावला, केलेल्या दिवशी चांदणी चिकटवायची. बाबा म्हणाले, "शाळेत मिळाली नाही, आता कशाला उपकार?" मी विनवण्या केल्या. मग चिडले. मग गप्प बसले. गप्प बसणं सगळ्यात सोपं गेलं.

उपाय सापडला तो माझ्या हुशारीने नव्हे, कंटाळ्याने. एकदा संध्याकाळी मी त्यांना धरून खोलीच्या दारापर्यंत आणलं आणि ते थांबले. "अजून दहा पावलं," मी म्हटलं. नाही. "पाच?" नाही. मला चहा टाकायचा होता, बाकी जगात मला काहीच करायचं नव्हतं. मी म्हटलं, "बरं, निदान बँकेपर्यंत तरी चला."

आणि ते चालले.

हे सांगायला हवं. आमच्या घराची फरशी बाबांनी स्वतः बसवली, उरलेल्या मालातून. खोलीत सगळी एकसारखी करडी, फूटभर लांब, फूटभर रुंद. एका गोदामाची ऑर्डर रद्द झाली होती, तो माल. पण बाहेरचा पॅसेज म्हणजे बाबांच्या आयुष्यातली चार मोठी कामं. पहिल्या तीन काळसर, त्या बँकेच्या. मग दोन पिवळ्या, शाळेच्या. मग तीन हिरव्या, त्या एका थिएटरच्या, जे आता नाही. शेवटच्या दोन पांढऱ्या, काळे ठिपकेवाल्या, दवाखान्याच्या. मग बाथरूमचा उंबरा. खोलीतल्या आठ आणि पॅसेजच्या दहा, एकूण अठरा. लहानपणी आम्ही बहीणभाऊ 'शाळेतून थिएटरात' असे पळायचो आणि आई ओरडायची.

तर बाबा तीन काळ्या फरश्या चालून बँकेत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅनेजर खडूस होता. तीनदा उखडायला लावली."

दुसऱ्या दिवशी मी फिजिओला सांगितलं. तिने कागदांचा गठ्ठा बाजूला ठेवला. "ताई, हे आमच्या पुस्तकात नाही," ती म्हणाली, "पण चालवू या." तिथून पुढे आमच्याकडे कोणी व्यायाम हा शब्द उच्चारला नाही. खुर्चीत बसून टाच वर-खाली करायची असेल तर फिजिओ म्हणायची, "आजोबा, ही फरशी पोकळ वाजते का हो, जरा टाचेने ठोकून बघा." बाबा ठोकायचे. "पोकळ? माझी? कान साफ कर." आणि वीस वेळा ठोकून दाखवायचे. मनगटासाठी तिने चेंडू दिला होता तो गेला, त्याऐवजी मी माळ्यावरून त्यांची थापी काढून दिली आणि परातीत ओली वाळू. ते अर्धा तास वाळू सारखी करत बसायचे आणि झाल्यावर आडवी नजर लावून बघायचे. दोन बाटल्यांत पाणी भरून त्या उचलायच्या होत्या, तर त्या 'सिमेंटच्या' झाल्या. "एवढंसं सिमेंट?" म्हणत उचलायचे.

दोन आठवड्यांत वॉकरवर, कोणी न धरता, बँक पार झाली. शाळेच्या पहिल्या फरशीपर्यंत पोचले. मग तिथेच अडकले. रोज बारा. कधी अकरा. वॉकर पुढे, डावा पाय पुढे, उजवा पाय ओढत, आणि बाराव्या फरशीवर दम संपायचा. फिजिओने तक्त्यावर 'प्रगती: चांगली' लिहिलं. मी दादाला फोनवर 'चांगलं चाललंय' सांगितलं. दादाने 'वा' म्हटलं. त्या महिनाअखेरीला पाच आठवडे होते.

त्या रविवारी बाबांना बाथरूममधल्या खुर्चीवर अंघोळीला बसवलं, पाणी काढून दिलं आणि मी खोलीत चादर बदलायला आले. लोखंडी पलंग, लांब बाजू भिंतीला लागून. लाँड्रीत फाटके टॉवेल टाकून देतात, ते मी पुसायला आणते. त्यातले चार घेऊन पलंगाच्या चार पायांखाली सरकवले आणि ढकलला. एक फरशी. दाराच्या दिशेने. मनगटातून कळ गेली, पण पलंग आवाज न करता आला.

हे करताना मला काही वाटलं नाही. पाप वगैरे नाही, चलाखी केली असंही नाही. एखाद्या शर्टाची बाही दुमडलेली असते आणि आपण जाता जाता सरळ करतो, तसं केलं. अठराच्या सतरा झाल्या.

पुढच्या रविवारी आणखी एक. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. चौथ्या रविवारी पलंग खोलीच्या मध्यावर रस्ता चुकलेल्या बससारखा उभा होता, मागे भिंतीपर्यंत चार फुटांची गल्ली, आणि कपाटाचं दार निम्मंच उघडत होतं. मी बाबांचे सदरे अंग चोरून काढायला शिकले. आता बाथरूम चौदा फरश्यांवर होतं. बाबा बारावरून तेरावर आले होते. एखाद दिवशी चौदा. एकदा तर उंबऱ्याला वॉकर लागला आणि फिजिओने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाबा काही म्हणाले नाहीत. ज्या माणसाला दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर पानाच्या आधी फरशीचा उतार दिसतो, तो माणूस चार फूट सरकलेल्या पलंगाबद्दल एक शब्द बोलला नाही. आणि मी म्हटलं, वय झालं.

फिजिओ त्या गल्लीत आपली बॅग ठेवायला लागली, जसं काही ती जागा बॅगेसाठीच केली होती. दादा व्हिडिओवर बोलताना एकदा म्हणाला, "पलंग मध्येच का वाटतोय गं?" मी काही बोलायच्या आत त्यानेच उत्तर दिलं, "कॅमेऱ्यामुळे असेल." मी म्हटलं, "असेल." त्या गल्लीत मी रोज झाडू मारत होते. तिथल्या फरश्यांचे कोपरे उडालेले होते, एकीला आरपार चीर होती. झाडूत कचरा अडकायचा. मी तो झटकायचे आणि पुढे जायचे.

आता ते पाणी पिण्याचं सांगते, कारण ते कोणालाच माहीत नाही असं मी धरून चालले होते.

बाबा पडले त्या दिवशी मी दोनला सुटले, अडीचला घरी आले. कुलूप काढलं आणि आतून हाक आली. मोठी नाही. "आलीस का?" इतकीच. आवाज जमिनीवरून येत होता. माणूस खुर्चीत बसून बोलला आणि जमिनीवर पडून बोलला तर आवाज वेगळा येतो, आणि मी मिस्त्रीची मुलगी आहे, मला तो फरक कळतो. मी चप्पल काढली. पिशवी खुंटीला लावली. स्वयंपाकघरात गेले, पिंपाचं झाकण उघडलं, पेलाभर पाणी घेतलं आणि उभ्याने सगळं प्यायले. सावकाश. मग झाकण लावलं. मग आत गेले. बाबा अकरापासून तिथे पडले होते. साडेतीन तास. मी आले होते, आणि तरी त्यात माझा एक पेला मिळवला.

तेव्हाही मला काही वाटलं नाही. नंतर दवाखान्यात, फॉर्म भरताना, रडायला हवं होतं असं आठवलं. पण ती वेळ टळून गेली होती.

महिनाअखेरीआधीच्या शनिवारी सकाळी, ती परीक्षा बघायला, दादा आला. हातात एक फोल्डर होता, तो त्याने आल्या आल्या फ्रिजवर ठेवला, पालथा. फिजिओचा तो वार नव्हता, तरी ती आली. "सहज," म्हणाली. सहज म्हणून बॅग घेऊन आली.

"काय मिस्त्री, तयार का?" दादा फार उत्साहात बोलत होता. उत्साहात असला की त्याचा आवाज बाहेरगावच्या पाहुण्यासारखा होतो.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. स्वच्छ सदरा, मीच कडक इस्त्री करून आणलेला. वॉकर समोर. त्यांनी वॉकर धरला आणि सोडला.

"आधी पलंग जागेवर लावा."

"जागेवरच आहे बाबा," मी म्हटलं. हरवलेला शर्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी ज्या आवाजात बोलते, तोच आवाज निघाला.

"चार फरश्या पुढे आलाय," बाबा म्हणाले. "चार रविवार. आणि टॉवेल ओले घातलेस तिसऱ्या वेळी, डाग पडलेत." त्यांनी भिंतीकडच्या गल्लीकडे मान केली. "अगं, डागी फरशी कुठे बसवतात? काय सांगितलं होतं मी तुला, खुंटी?"

सांगितलं होतं. मी आठ वर्षांची असताना सांगितलं होतं. प्रत्येक खोलीत काम सुरू करायच्या आधी बाबा घरमालकाला विचारायचे, इथे पलंग कुठे येणार, कपाट कुठे येणार? आणि ज्या फरशीचा कोपरा उडालेला, जिला चीर, ती तिथे. पलंगाखाली. कोणाला दिसायला नको. आमच्या खोलीतली सगळी डागी फरशी कुठे आहे ते मला माहीत होतं. मी महिनाभर तिच्यावरूनच झाडू मारत होते.

"मी भिंतीकडे कूस करून झोपतो," बाबा म्हणाले. "रोज त्या चिरेकडे बघत झोपायचं म्हणजे... लाज वाटते माणसाला. आपलंच काम."

"मला वाटलंच होतं," दादा म्हणाला. "त्या दिवशी फोनवर..."

"मग बोलला का नाहीस?" मी म्हटलं.

"मला वाटलं, कॅमेऱ्यामुळे."

फिजिओ बॅगेची चेन उघडत होती, लावत होती. "मला दुसऱ्याच आठवड्यात दिसलं होतं, ताई. खरं तर त्यात चूक काहीच नाही. पलंग जवळ घ्या असं आम्हीच सांगतो लोकांना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात ना. म्हणून."

दादाने आणि फिजिओने पलंग ढकलला. मी बाबांना खुर्चीत बसवून धरून होते. पलंगाचे पाय आपल्या जुन्या गोल खुणांवर जाऊन बसले, चारही, बोटभरही इकडेतिकडे नाही. डागी फरश्या दिसेनाशा झाल्या. खोली एकदम मोठी वाटायला लागली. बाबा पुन्हा पलंगाच्या कडेला बसले, दोन्ही हातांनी वॉकर धरला, पुढे झुकले, आणि कोणी हात न लावता उठले. तेवढं त्यांना येत होतं. तेवढं दीड महिन्यात खरोखर आलं होतं.

ते निघाले. फिजिओच्या तोंडून सवयीने "एक" निघालं, मग ती थांबली. "मोज की," बाबा म्हणाले, "आज चुकू नकोस."

"एक... दोन..."

खोलीत आठ. दारात त्यांनी जरा श्वास घेतला. बँकेच्या तीन गेल्या. दादा मागे खुर्ची घेऊन चालत होता, लग्नात नवरदेवामागे कोणीतरी उगाच काहीतरी धरून चालतं तसा. शाळेची पहिली, बारा. शाळेची दुसरी. वॉकरची रबरी टोकं फरशीवर कुरकुरली. मग उजवा पाय ओढून त्यांनी हिरव्या फरशीवर आणला.

"चौदा," फिजिओ म्हणाली.

पुढे दोन हिरव्या होत्या, दोन पांढऱ्या, आणि उंबरा. आणि मग सगळं परत. बाबांनी वॉकर पुढे सरकवला. वॉकर गेला. पाय गेला नाही. ते तसेच उभे राहिले, मान खाली, घाम मानेवरून कडक कॉलरमध्ये उतरत होता. मी मोजत होते, पण काय मोजतेय ते कळत नव्हतं. मग फिजिओने डोळ्यांनी खूण केली, दादाने खुर्ची पुढे सारली आणि बाबा टेकले.

"चला," ते म्हणाले, "थिएटरात खुर्ची तरी मिळाली."

आणि आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो.

"चौदा म्हणजे कमी नाही हं बाबा," दादा म्हणाला. "आणि महिनाअखेर म्हणजे काय, मी बोलतो त्यांच्याशी, पंधरा दिवस इकडेतिकडे..."

"उठणं तर इतकं सुंदर झालं," फिजिओ म्हणाली. "एवढं उठणं माझ्या कुठल्याच पेशंटला..."

"गेल्या महिन्यात बाराच होते," मी म्हटलं. "म्हणजे दोन वाढल्या."

बाबा ऐकत होते. आम्ही दम घ्यायला थांबलो तेव्हा ते दादाला म्हणाले, "फ्रिजवर काय ठेवलंयस?"

"कागद आहेत. ऑफिसचे."

"बागेचा फोटो आहे का त्यात? निळ्या चादरी?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"या घराची फरशी मी बसवली," बाबा म्हणाले. "भिंती दुसऱ्याने बांधल्या. स्वयंपाकघरातलं सगळं आरपार ऐकू येतं. बांधणाऱ्याला मी तेव्हाच सांगितलं होतं."

"बाबा, तसं काही ठरलेलं नाही," दादा खुर्चीशेजारी उकिडवा बसला. मला वाटतं, त्याचे गुडघे कित्येक वर्षांनी जमिनीच्या इतके जवळ आले असतील. "आम्ही कोणीही तुम्हाला पाठवायला बसलेलो नाही. उलट ही म्हणते ठेवू या. ही म्हणते, मला काही त्रास नाही. दर वेळी विचारतो मी हिला."

"काय विचारतोस?"

"हेच. की तू ठीक आहेस ना."

"आणि ती म्हणते, ठीक आहे."

"हो."

बाबांनी हिरव्या फरशीकडे बघितलं. टाचेने एकदा ठोकलं. पोकळ वाजली नाही.

"मी पडलो त्या दिवशी," ते म्हणाले, दादाला नाही, मला, "तू आलीस. मी हाक मारली. मग पिंपाचं झाकण वाजलं. मग काही वेळ काही नाही. मग परत झाकण वाजलं."

फिजिओ बॅगेकडे बघायला लागली. दादाला काही कळलं नव्हतं, तो आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होता.

"मी जमिनीला कान लावून पडलो होतो, मला दुसरं कामच नव्हतं," बाबा म्हणाले. "रागावलो नाही. मी असतो तर दोन पेले प्यायलो असतो. पण तेव्हा मला कळलं, तुझ्यानं किती होतंय ते. म्हटलं, हे तुझ्या तोंडून यायला पाहिजे. ही एक-दोन आली, टाच उचला म्हणाली, मी दोन आठवडे उचलली नाही. म्हटलं, तू बोलशील. नाही बोललीस. मग उचलली. मग तू पलंग सरकवायला लागलीस. म्हटलं, आता तरी बोलशील. म्हातारा पाय उचलतोय, तू पलंग सरकवतेस, हा पंधरा दिवस मागून घेतो, आणि ही दोनदा आठ मोजते." त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. "माझं तर कळलं सगळ्यांना. चौदा. आता तू सांग."

"काय सांगू?" मी म्हटलं.

"ह्याला नाही, हिला नाही. मला सांग."

पॅसेजमध्ये आम्ही चौघं उभे आणि बसलेले होतो, त्या अरुंद जागेत, कोणालाच पुढेमागे होता येत नव्हतं. बाबांच्या कॉलरवरची माझी इस्त्री पार ओली झाली होती. माझं उजवं मनगट ठणकत होतं. ते महिनाभर ठणकत असणार, मला आत्ता जाणवलं. मी शाळेच्या फरशीवर उभी होते. काहीतरी वाटेल म्हणून मी थोडी वाट बघितली. मग तशीच बोलले.

"मी थकले, बाबा. मला नाही होत आता."